आजारी कारखान्यातली नोकरी

ऊसपट्ट्यात मुलीचे लग्न ठरवताना अजूनही एक प्रश्न हमखास विचारला जातो: मुलगा कारखान्यात कायम आहे का? कायम असला की पाहुण्यांच्या तोंडावर समाधान दिसते. घरची चार एकर जमीन, त्यात दोन एकर ऊस, आणि वर महिन्याचा पगार. शेतकऱ्याच्या पोराला आणखी काय हवे? अलीकडे मात्र जाणती माणसे त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारू लागली आहेत. "पगार कोणत्या महिन्यापर्यंतचा झालाय?"

या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आज लिहायचे आहे. साखर कारखाना आजारी पडला की वर्तमानपत्रात कर्जाचे आकडे येतात, पुढाऱ्यांची भाषणे येतात. पण ज्या घरातला कर्ता माणूस रोज पाळीवर जातो, त्या घरात हा आजार कोणत्या दाराने शिरतो ते फारसे कोणी सांगत नाही. त्यातून सहकारी कारखान्याची गोष्ट इतर कंपन्यांपेक्षा निराळी आहे. पुण्या-मुंबईच्या कंपनीतला कामगार हा फक्त कामगार असतो. आपल्याकडे एकाच घरात ट्रंकेत शेअरचा दाखला असतो, उसाचे बिल यायचे असते आणि पगारही तिथूनच यायचा असतो. म्हणजे ते घर कारखान्याचे मालकही, सावकारही आणि चाकरही. कारभारी चांगला मिळाला तर तिन्ही बाजूंनी ओंजळ भरते. वाईट मिळाला तर तिन्ही बाजूंनी भिंत खचते.

आजार पावसाळ्यात शिरतो

कारखाना हंगामात बंद पडतो असे आपल्याला वाटते, कारण तेव्हा तो बंद पडताना दिसतो. ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्यावर येतात, बैलगाड्या यार्डात खोळंबतात, आणि मग बोभाटा होतो. खरे म्हणजे तो त्याआधीच, जून ते सप्टेंबर या महिन्यांत बिघडलेला असतो.

गळीत संपले की सगळी मशिनरी उघडायची असते. मिलच्या रोलरचे दात झिजलेले असतात, ते पुन्हा कापून घ्यायचे किंवा रोलरला नवे कवच चढवायचे. बॉयलरच्या नळ्या तपासून खराब झालेल्या बदलायच्या. रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत थर बसलेला असतो तो काढायचा. गव्हाणीची साखळी, पंप, बेअरिंगे, साखर गाळणारी यंत्रे, सगळे एकेक करून पाहायचे. याला ओव्हरहॉलिंग म्हणतात. यात पैसा जातो आणि तो पैसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मोळी टाकण्याच्या समारंभात नवा रोलर कोणाला दिसत नाही. नवी कमान मात्र दिसते, पाहुण्यांचे फेटे दिसतात.

आमच्या परिचयाचे एक मिल फिटर आहेत. अठ्ठावीस वर्षे एकाच कारखान्यात काढली. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांना तो आपल्याच तालुक्यातला वाटेल. ते सांगत होते, "पूर्वी गळीत संपलं की आम्ही दुरुस्तीची यादी द्यायचो. चीफ इंजिनिअर दोन-चार बाबी कमी करायचे, बाकीचा माल जुलैत हजर. पुढं पुढं यादी तीच राहिली, माल यायचा थांबला. साहेब म्हणायचे, अण्णा, एवढा हंगाम काढा, पुढल्या वर्षी बघू. मग जुन्याच रोलरवर वेल्डिंग मारायचं, बंद पंपाचे भाग काढून चालू पंपाला लावायचे. असे तीन हंगाम काढले. चौथ्याला मिलनंच साथ दिली नाही."

पुढे काय होते ते शेतकऱ्यानेही समजून घेतले पाहिजे, कारण ते त्याच्या उसाच्या दरापर्यंत येऊन पोचते. मिल नीट पिळत नाही, म्हणून रस चोथ्यात राहतो. ओला चोथा बॉयलरमध्ये धड जळत नाही, म्हणून वाफेचा दाब पडतो. दाब पडला की मिल थांबते. मिल थांबली की तोडलेला ऊस यार्डात वाळत बसतो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा. जितका उशीर तितके वजनही घटते आणि साखरही. म्हणजे एका न बदललेल्या रोलरने उतारा खाली ओढला.

आता साधा हिशेब करून पाहा. उतारा अर्ध्या टक्क्याने उतरला म्हणजे टनामागे ५ किलो साखर गेली. हंगामात ४ लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात ही घट २० हजार क्विंटल होते. केंद्र सरकारने २०१९ साली साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरवला होता. त्या दराने जरी धरले तरी ६ कोटी २० लाख रुपये झाले. हे पैसे कोणी खिशात घातले नाहीत. ते चोथ्याबरोबर जळाले. शिवाय उसाचा एफआरपी उताऱ्यावर बांधलेला आहे, त्यामुळे पडलेला उतारा पुढे उसाच्या दरातही दिसतो.

हा फिटर चेअरमन नव्हता, संचालक नव्हता. पण कारखाना कोणत्या दिवशी आजारी पडला हे त्याला संचालक मंडळाच्या तीन वर्षे आधी ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याने आपणहून सांगितले तेव्हा यादीवर सही करून ती फायलीत ठेवली गेली.

खुर्चीवरचा माणूस

दोष सगळा पुढाऱ्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते पूर्ण खरेही नाही. २०१२ चा दुष्काळ, २०१५ चा दुष्काळ कोणा चेअरमनने आणला नव्हता. साखरेचे भाव पडले की चांगला कारखानाही धापा टाकतो. पण त्याच पावसात, त्याच भावात, वीस-पंचवीस किलोमीटरवरचा दुसरा कारखाना उसाचे बिल देतो आणि कामगाराचा पगारही करतो, तेव्हा फरक कशात आहे ते पाहावेच लागते.

फरक बहुतेक निवडणुकीच्या वर्षात सापडतो. मतदान जवळ आले की भरती होते. जिथे चार कारकून पुरेत तिथे नऊ बसतात, टाइम ऑफिसात हजेरीची पाने वाढतात, काम वाढत नाही. त्या पोरांचा तरी काय दोष? कोणी नात्याने चिकटला, कोणी घरचे एकरभर रान विकून चिकटला. मग उसाला झेपणार नाही असा दर जाहीर होतो. टाळ्या पडतात. तो दर द्यायला साखरेची पोती तारण ठेवून बँकेकडून उचल घेतली जाते; साखर विकली की बँक आधी आपले कापून घेते, उरलेल्यात उसाचे बिल आणि सगळ्यांत शेवटी पगार.

यात भर म्हणून विस्तारवाढ. १२५० टनांचा कारखाना २५०० टनांचा करायचा, जोडीला डिस्टिलरी, जोडीला वीजप्रकल्प. हे प्रकल्प मुळात वाईट नव्हते. कित्येक कारखान्यांना त्यांनीच तारले. पण कार्यक्षेत्रात ऊस किती, विहिरींना पाणी किती, याचा मेळ न घालता घेतलेले कर्ज ज्या वर्षी ऊस येत नाही त्याही वर्षी व्याज मागते. तोडणीच्या टोळ्यांसाठी मुकादमांना दिलेल्या उचलीचीही तीच कथा. टोळी आली नाही, मुकादम सापडत नाही, रक्कम मात्र वर्षानुवर्षे 'येणे' म्हणून ताळेबंदात बसलेली. ताळेबंदात 'येणे' हा शब्द दिसला की किती वर्षांचे येणे, हे विचारायला शिकले पाहिजे.

सहकारी कारखानदारीची सुरुवात अशी नव्हती. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना धुराडे पेटवून उभा राहिला, तेव्हा त्यामागे विठ्ठलराव विखे पाटलांचे कष्ट होते. पण पहिले अध्यक्ष झाले ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. गावोगाव हिंडून शेअर गोळा करणारा शेतकरी पुढारी हिशेब जाणणाऱ्या माणसाला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवतो, हे आज ऐकायलाही नवल वाटेल. आज कार्यकारी संचालकाला साधा पंप घ्यायचा तरी चेअरमनच्या बंगल्यावर जाऊन बसावे लागते, आणि पंप कोणाकडून घ्यायचा हे तिथे आधीच ठरलेले असते. असो.

पगारपत्रकातले छिद्र

पगार एकदम थांबत नाही. आधी सात तारखेचा पगार वीस तारखेला होतो. मग महिना मागे पडतो, मग तीन महिने. दिवाळीला हजार-दोन हजार उचल मिळते आणि लोक तीच बोनस म्हणून घरी नेतात. हंगामी कामगाराचे आणखी वाईट. बिनहंगामाचा रिटेन्शनचा पैसा तर त्याला मिळेल तेव्हा खरा.

इथपर्यंत घर कसेबसे निभावते. दोन म्हशी असतात, डेअरीचे बिल दहा दिवसांनी येते, किराणा दुकानदार ओळखीचा असतो. घर खरे अडचणीत येते ते कपातींमुळे. त्या फिटरच्या घरी आम्ही बसलो होतो, तेव्हा चहा देता देता वहिनींनी जे विचारले त्याचे उत्तर आम्हाला देता आले नाही. "पगार झाला नाही ते समजतं, भाऊजी. पण पगारपत्रकात पतसंस्थेचा हप्ता कापलेला दिसतो, आणि पतसंस्थेची नोटीस बी येते की हप्ता भरला नाही. मग मधले पैसे गेले कुठं?"

पैसे कारखान्यातच राहिले होते. कामगार पतसंस्थेचा हप्ता, विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधी ही सगळी कपात पगारातून होते आणि कारखान्याने ती पुढे भरायची असते. हात आखडला की पहिल्यांदा हीच रक्कम वापरली जाते, कारण तिच्यासाठी दारात कोणी येऊन बसत नाही. कामगार मात्र कागदोपत्री थकबाकीदार होतो. त्याच्या जामिनाला सही करणारा शेजारच्या क्वार्टरमधला मित्रही थकबाकीदार होतो. विम्याची पॉलिसी बंद पडते आणि ते कळते एखाद्या घरात माणूस गेल्यावर. या घरात मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पतसंस्थेकडे नवे कर्ज मागायचे होते. जुने थकलेले म्हणून अर्ज परत आला. शेवटी वहिनींच्या बांगड्या गहाण पडल्या. मुलीला याचा पत्ता लागू दिलेला नाही.

भविष्यनिर्वाह निधीबद्दल एवढे लक्षात ठेवावे: कामगाराच्या पगारातून कापलेला निधी न भरणे ही नुसती थकबाकी नव्हे, तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. हल्ली निधीचे पासबुक मोबाईलवर पाहता येते. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून दर तिमाहीला ते उघडून पाहावे. कोणत्या महिन्यापर्यंतचा भरणा झाला आहे ते त्यात दिसते, आणि एखाद्या कारखान्याची तब्येत त्या एका नोंदीवरून जितकी कळते तितकी चेअरमनच्या भाषणावरून कळत नाही.

मग कोणी बोलत का नाही?

बाहेरचा माणूस हा प्रश्न सहज विचारतो. चार-सहा महिने पगार नाही, तरी पाळीवर जाता कसे? याचे एक कारण असे की बॉयलर थंड पडला तर उरलीसुरली आशाही थंड पडेल, ही प्रत्येकाची भीती. चालू कारखान्याकडून थकलेला पगार कधीतरी निघेल. बंद कारखान्याकडून काय निघणार? म्हणून लोक बिनपगारी कारखाना चालवतात. यात निष्ठा आहे, नाही असे नाही. आमच्या फिटरने नोव्हेंबरात स्वतःच्या खिशातून पॅकिंगचे सामान आणून मिल सुरू केली होती. ते पैसे अजून मिळालेले नाहीत, आणि त्याबद्दल ते बोलतही नाहीत.

दुसरे कारण जास्त अवघड आहे. कामगार म्हणून तोंड उघडावे, तर फिटरची बदली यार्डात ऊस मोजायला होते. शेतकरी म्हणून उघडावे, तर आपल्या फडाची तोड लांबते. डिसेंबरात जायचा ऊस मार्चपर्यंत रानात उभा राहतो, तुरे येतात, वजन घटते, खोडवा बिघडतो. सभासद म्हणून सभेत उभे राहावे, तर माईक बंद पडतो. एकाच माणसाला तीन दोऱ्यांनी बांधलेले. युनियन असते, पण पुष्कळ ठिकाणी युनियनचा अध्यक्ष चेअरमनच्याच गाडीत मागे बसलेला दिसतो. आणि नाती? चेअरमन कोणाचा मामा, कोणाचा व्याही. भावकीतल्या माणसाविरुद्ध लेबर ऑफिसात अर्ज द्यायचा म्हणजे लग्नकार्यात पंगतीला बसण्याचीही पंचाईत.

राहावे की सोडावे?

याला एकच उत्तर नाही. ज्याच्या हातात कसब आहे त्याला वाट आहे. पॅनवर साखर बांधणारा, मिल फिटर, टर्नर, बॉयलरवरचा परवानाधारक माणूस, यांना खासगी कारखाने बोलावून घेतात. बेळगाव-बागलकोटकडे, गुजरातेत बारडोलीकडे आपल्याकडची माणसे काम करतात. पंचेचाळिशीच्या आतल्या कारागिराने फार काळ वाट पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारकुनाचे आणि पहारेकऱ्याचे तसे नाही. त्यांनी घरची शेती आणि दूध यांवर संसार उभा राहील इतकी तयारी चालू नोकरीतच करावी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सोड म्हणणे सोपे, पण तो कोणत्या दारात उभा राहील?

सोडायचे तर रीतसर सोडावे. कित्येकजण कंटाळून घरी बसतात, राजीनामा देत नाहीत, आणि पुढे 'गैरहजर' असा शेरा पडून हक्क वादात सापडतो. राजीनामा लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून ठेवावा. १९७२ च्या कायद्याने घातलेली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राहिलेली रीत सोपी आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. ही बेरीज २०,८०० रुपये आणि नोकरी २८ वर्षे असेल तर ३ लाख ३६ हजार रुपये होतात. हंगामी कामगाराला १५ च्या जागी दर हंगामाचे ७ दिवस धरतात. 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर पैसे हाती पडल्याशिवाय सही करू नये. तोडणी-वाहतुकीच्या कर्जासाठी म्हणून कोऱ्या कागदावर तर घरातल्या कोणीच सही देऊ नये, मागणारा कितीही जवळचा असला तरी.

कारखाना विकला जातो किंवा भाड्याने दिला जातो, तेव्हा घाई सगळ्यांत महत्त्वाची. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. राज्य सहकारी बँकेच्या कर्जात बुडालेले अनेक कारखाने असे विकले गेले. खुद्द त्या बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बरखास्त होऊन तिथे प्रशासक आले. कारखाना घेणारा नवा मालक बहुतेक वेळा म्हणतो, मी जमीन आणि यंत्रे घेतली, जुने देणे माझे नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या थकबाकीला कायद्याने अग्रक्रम दिलेला आहे. बाकीच्या येण्यासाठी मात्र कामगार रांगेत पुष्कळ मागे उभा असतो. म्हणून लिलावाची जाहिरात दिसताच प्रत्येकाने आपले येणे पगारपत्रके जोडून बँक, अवसायक किंवा प्रशासक, कामगार आयुक्त आणि निधी कार्यालय यांच्याकडे लेखी नोंदवावे. सगळ्यांनी मिळून एक अर्ज आणि प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज, असे दोन्ही करावेत. पगारपत्रके नसतील तर बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी चालतील. त्या आताच छापून घ्याव्यात.

आमच्या फिटरने गेल्या हंगामात बागलकोटकडच्या एका कारखान्यात काम धरले. वहिनी म्हशी आणि शेती पाहतात. इकडचे चौदा महिन्यांचे पगार आणि अठ्ठावीस वर्षांची ग्रॅच्युइटी अजून यायची आहे. क्वार्टर त्यांनी सोडलेले नाही. हिशेब मिळेपर्यंत सोडणार नाही म्हणतात.

त्यांच्या नावे एक शेअर अजून आहे. त्यामुळे कामगार म्हणून गप्प बसावे लागले तरी सभासद म्हणून त्यांना वार्षिक सभेत बसता येते. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा ते आणि त्यांच्यासारखे काहीजण मिळून दोनच प्रश्न आधी लेखी देणार आहेत: मागच्या तीन पावसाळ्यांत दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती खर्च झाला, आणि कामगारांचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे. पोच घ्यायला सांगितली आहे. अर्जावर सही करायला अजून अकराजण तयार झाले आहेत. त्यातल्या तिघांचा ऊस यंदा आडसाली आहे, तोड लांबली तर काय करायचे, याची चर्चा त्यांच्या घरी चालू आहे.